पायाखालचा दगड

सोलापुरातल्या आमच्या जुन्या घरात शहाबादी फरशी होती. उन्हाळ्यात दुपारी तिच्यावर पाणी शिंपडायचं, ते सुकायच्या आत उघड्या पाठीनं आडवं व्हायचं आणि डोळे मिटायचे. पंखा आमच्या घरी फार उशिरा आला. तोवर हा दगडच आमचा पंखा होता.

'फरशी' हा शब्द मला फार आवडतो. मूळ अरबी 'फर्श', म्हणजे अंथरलेलं. फारसीच्या वाटेनं तो मराठीत आला आणि इथं दगड होऊन बसला. शहाबादचं तर आणखी गमतीचं. सोलापूरहून गाडीत बसलं की गुलबर्गा, म्हणजे आताचं कलबुर्गी, ओलांडल्यावर शहाबाद स्टेशन लागतं. "शहाबादी पुसून घे," असं घरोघरी म्हणतात, तेव्हा आपण एका गावाचं नाव घेत असतो हे कुणाच्या ध्यानातही नसतं. तिथला दगड हा चुनखडक. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी थरावर थर साचून तो तयार झाला, म्हणून त्याच्या लाद्या थरांतून सुट्या निघतात. आमच्याकडचा काळा पाषाण लाव्ह्याचा. तो असा पानापानानं सुटत नाही.

मी बी.ए. झालो तो भाषा घेऊन, रसायनशास्त्र घेऊन नव्हे. दगडाबद्दल एवढं सगळं मी उशिरा शिकलो, आणि चुका करून शिकलो. त्या चुकांचीच गोष्ट आज सांगायची आहे. ज्यांच्या घरी फरशीचं काम निघणार आहे, त्यांना तिचा उपयोग होईल.

२०१८ साली दिवाळीच्या आसपास आम्ही घर नवं केलं. जुनी शहाबादी खडबडीत झाली होती, काही लाद्या हलत होत्या. मी दुकानात गेलो. संध्याकाळची वेळ, वर दिव्यांचा झगमगाट. एका काळ्याभोर ग्रॅनाइटमध्ये मला माझाच चेहरा दिसला आणि मी भाळलो. सोपा, बोळ आणि मोरी, सगळीकडे तोच दगड बसवला. अम्मा दारात उभी राहून म्हणाली, "बेटा, ये फरश है के आईना?" मला वाटलं, कौतुक करते आहे.

अम्मा तेव्हा ऐंशीच्या पुढं होती. पहाटे उठून मोरीत वजू करायची, हात-तोंड-पाय धुवायची आणि ओल्या पावलांनी बोळातून नमाजाच्या जागेकडे जायची. २०१९च्या जानेवारीत एका पहाटे बोळात तिचा पाय सरकला. मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, खुबा वाचला हे नशीब. आईच्या पायांखाली जन्नत असते, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलेलो. मी तिच्या पायांखाली काय अंथरलं होतं, ते त्या दिवशी कळलं.

दगडाचं काहीच चुकलं नव्हतं. ग्रॅनाइट कणखर दगड आहे, स्वयंपाकाच्या ओट्याला तर उत्तम. चूक निवडीची होती. जिथं पाणी सांडतं तिथं आरशासारखी घोटाई नको, एवढी साधी गोष्ट मी विसरलो होतो.

मग एक वयस्कर मिस्त्री आले, शहाबादच्याच बाजूचे. मोरी आणि बोळ पाहून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "घाटावर कुणी पॉलिश मारतं का, सर?" त्या दोन जागांचा ग्रॅनाइट काढून न घासलेली शहाबादी बसवायचं ठरलं. या वेळी दगड निवडायला ते मला बरोबर घेऊन गेले.

पहिलं म्हणजे दिवसा जायचं आणि लादी उन्हात आणून बघायची. दुसरं, ती ओली करायची. ओली झाली की दगडाचा खरा रंग आणि बारीक चिरा दोन्ही दिसतात. मिस्त्रींनी मला चपला काढून ओल्या लादीवर उभं राहायला सांगितलं. दुकानदार हसला. पण निवडीची याहून चांगली रीत मला अजून सापडलेली नाही. तिसरं, लादी उभी धरून बोटाच्या पेरानं वाजवायची. खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तर आत चीर आहे किंवा थर सुटलेला आहे. चौथं, टेपनं दोन्ही कर्ण मोजायचे. ते सारखे भरले नाहीत तर लादी काटकोनात नाही, आणि पुढं सांधे फाकत जाणार.

आणखी दोन परीक्षा घरी करता येतात. कोरड्या तुकड्यावर पाण्याचे चार थेंब टाकून दहा-पंधरा मिनिटं थांबा. थेंबाखालचा दगड गडद झाला तर तो पाणी पितो, म्हणजे तेल आणि हळदही पिणार. दुसऱ्या टाकाऊ तुकड्यावर लिंबू पिळा. शहाबादी, कोटा, कडप्पा, तांदूर ही सगळी चुनखडकाची भावंडं, आणि संगमरवर त्यांच्याच नात्यातला. लिंबाचा आंबटपणा त्यांना खातो, तिथली चमक जाते आणि पांढुरका चट्टा उरतो. ग्रॅनाइटला लिंबाचं फारसं काही वाटत नाही. म्हणून ज्या ओट्यावर रोज चिंच-लिंबू सांडतं, तिथं संगमरवर घालण्याआधी दहादा विचार करावा. राजस्थानातून येणारा हिरवट-निळा कोटा येण्याजाण्याच्या जागी वर्षानुवर्षं टिकतो. आंध्रातला काळा कडप्पा ओट्याला आणि मांडणीला स्वस्तात मिळतो. प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. ती ओळखून दगड घ्यायचा.

आणि हिशेबापेक्षा दहा टक्के माल जास्त घ्या. काही लाद्या कापताना तुटतात. उरलेल्या माळ्यावर ठेवा, कारण चार वर्षांनी एक लादी बदलायची वेळ आली तर तीच छटा पुन्हा मिळेल याचा भरवसा नाही. खाणीतला थर बदलला की रंग बदलतो.

आता बसवण्याविषयी. मोरीत फरशीच्या आधी पाणीरोधक थर द्यायचा, मग पाणी कोंडून किमान एक दिवस ठेवायचं आणि खाली किंवा शेजारच्या भिंतीला ओल येते का पाहायचं. वरचा दगड गळती थांबवत नाही. ती खालीच थांबवावी लागते. मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी सगळ्या लाद्या कोरड्याच मांडल्या, जाडीप्रमाणे निवडल्या, रंगाप्रमाणे फिरवल्या. अर्धा दिवस त्यातच गेला. मी मनात म्हटलं, हा माणूस रोजी वाढवतो आहे. प्रत्यक्षात माझी कवितेची वहीही मी अशीच लावतो. कुठली ओळ कुठं शोभेल ते बघत बसतो, आणि त्याला कुणी वेळकाढूपणा म्हणत नाही.

मग पाण्याच्या नळीनं पातळी काढली, भिंतीवर खुणा केल्या, दोरी ताणली. मोरीचा ढाळ जाळीकडे ठेवला. दहा फुटांना साधारण सव्वा इंच उतार पुरतो. एवढा उतार पायाला जाणवत नाही, पाण्याला मात्र बरोबर जाणवतो. खालची जमीन झाडून ओली केली. एक घमेलं सिमेंटला सहा घमेली चाळलेली वाळू, असा माल इंच-दीड इंच पसरला. त्यावर सिमेंटचं घट्ट पाणी ओतलं, लादी ओली करून ठेवली आणि रबरी हातोड्यानं ठोकून पातळीत आणली. प्रत्येक लादी पुन्हा वाजवून पाहिली. पोकळ आवाज आला की लादी उचलायची, खाली माल भरायचा, परत बसवायची. पोकळ राहिलेली लादी आज चालते, पण जड कपाट सरकवलं की तडकते.

लाद्यांमध्ये बारीक फट ठेवून सांधे नंतर भरले. पातळ, एका जाडीच्या कापीव लाद्यांना हल्ली वाळू-सिमेंटऐवजी चिकटद्रव्य वापरतात. पांढऱ्या संगमरवराखाली मात्र पांढरंच सिमेंट किंवा पांढरंच चिकटद्रव्य हवं, नाहीतर खालचा करडेपणा वर डोकावतो. काम झाल्यावर सात दिवस ओलं गोणपाट अंथरून ठेवलं.

एक गोष्ट अम्मानं सुधारली. मिस्त्रींचा हाताखालचा मुलगा अंगणात कोरडीच लादी कापत होता. पांढऱ्या धुळीत त्याचा चेहरा दिसेना. गळ्यात बांधलेला हात घेऊन ती बाहेर आली आणि तिनं काम थांबवलं. दगडाच्या धुळीत सिलिका असते. ती फुफ्फुसात साचली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. कापताना पात्यावर पाण्याची धार हवी आणि नाका-तोंडावर नीट बसणारा मास्क हवा. ते दोन्ही पुरवणं घरमालकाला काही जड नाही.

आता माझी दुसरी चूक. एप्रिलच्या सुरुवातीला काम संपलं आणि महिनाअखेर मुलीचं लग्न होतं. मिस्त्री म्हणाले होते, "दगडाला आता वाळू द्या. महिनाभर तरी काही लावू नका." मला घाई. पाहुणे येणार, तेल-रस्सा सांडणार. गोणपाट काढल्यावर तीन दिवसांतच दुकानातून चमक देणारा सीलर आणला आणि स्वतःच दोन हात मारले. दोन दिवस फरशी झकास दिसली. मग तिच्यावर धुकं पसरल्यासारखे पांढरे ढग आले. खालच्या मालातलं पाणी वर येत होतं आणि मी त्याची वाट बंद केली होती. शिवाय त्या थरानं खरबरीत दगड पुन्हा निसरडा झाला. ज्या कारणासाठी एवढा खटाटोप केला, त्यावरच मी पॉलिश फिरवलं होतं.

लग्न सतरंज्या अंथरून पार पडलं. नंतर मिस्त्रींनी तो थर काढून टाकला आणि मे महिनाभर मोरी-बोळात आम्ही पाणी पडू दिलं नाही. अंघोळी अंगणात केल्या.

सीलर दोन तऱ्हांचे असतात. एक वर थर धरतो, चमक देतो आणि झिजला की सोलवटतो. दुसरा दगडाच्या रंध्रांत मुरतो, वर काही दिसत नाही आणि वाफेला बाहेर यायची वाट ठेवतो. ओल्या जागी आणि खरबरीत दगडाला हा दुसरा बरा. लावण्याआधी दगड सुकला का, ते असं पाहायचं: हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी पट्टीनं चिकटवून दिवसभर ठेवायचा. खाली घाम धरला किंवा दगड गडद झाला तर अजून थांबायचं. मग फरशी स्वच्छ करून आधी एखाद्या कोपऱ्यात लावून बघायचं. खिडक्या उघड्या ठेवायच्या, जवळपास शेगडी पेटवायची नाही. डब्यावर लिहिलेली मिनिटं झाली की न मुरलेला सीलर कोरड्या फडक्यानं पुसून घ्यायचा. तो तसाच राहिला तर चिकट डाग पडतात. पाण्याचा थेंब पूर्वीसारखा गोल राहीनासा झाला की पुन्हा लावायची वेळ आली असं समजावं.

सीलर डागाला उशीर करतो, एवढंच त्याचं काम. सांडलेलं तेल पुसायला तो तुम्हाला वेळ देतो. आम्लापासून तो चुनखडकाला वाचवू शकत नाही. म्हणून मोरी धुण्याचं ॲसिड या दगडांवर कधीही ओतू नका. ते फरशी खातं आणि सांध्यातलं सिमेंटही खातं, कारण सिमेंट शेवटी याच चुनखडकाचं बनतं. ॲसिड आणि ब्लीच तर एकत्र चुकूनही नको, त्यातून विषारी वायू निघतो. सौम्य साबणाचं पाणी आणि कोरडं फडकं पुरे.

जूनचा पहिला पाऊस पडायच्या आत आमचं सीलिंग झालं. प्लास्टर निघाल्यावर अम्मा पहिल्यांदा बोळातून एकटी चालत गेली, तेव्हा मी मागं उभा होतो. तिनं पाय दाबून पाहिला, मग दुसरा टाकला. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे उठून मागं उभं राहणं सोडलं.

२०२२च्या हिवाळ्यात अम्मा गेली, अंथरुणातच, शांतपणे. मोरीत तिचा तांब्याचा लोटा ज्या जागी असायचा, तिथं लादीवर एक गोल डाग उमटला आहे. सीलर असूनही तो हळूहळू मुरला. घासायला आलेली बाई विचारते, लिंबू लावून काढू का? मी तिला सांगतो, लिंबानं दगड खराब होतो. ते खरंही आहे.