‘शिबिर आहे’ असं सांगायचं नाही

(पेण इथे तालुक्यातल्या महिला मंडळांच्या एकत्र बैठकीत केलेलं भाषण)



आजच्या बैठकीत ‘सहल’ हा विषय सगळ्यात शेवटी होता. मी तो वर घ्यायला लावला. शेवटी ठेवला की काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. निम्म्या जणी भाकऱ्या टाकायला उठून गेलेल्या असतात, उरलेल्या म्हणतात, “बघू पुढच्या वेळी.” अशा कितीतरी ‘पुढच्या वेळा’ गेल्या.

मागच्या महिन्यात आपण एकमेकींना एक साधा प्रश्न विचारला होता. गेल्या वर्षभरात गाव सोडून कुठे गेलात आणि कशासाठी? उत्तरं मी वहीत लिहून घेतली. माहेरी, लेकीच्या बाळंतपणाला, दवाखान्यात, लग्नाला, मयताला, देवाला, मोर्चाला. ‘नुसतं बघायला गेले’ असं सांगणारी एकही नव्हती. आपल्यातल्या एक मावशी चाळीस वर्षं गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतात. त्या म्हणाल्या, “माझे गणपती विमानानं परदेशात गेले. मी रोह्याला गेले ती भाचीच्या लग्नाला, आणि तिथंही स्वयंपाकातच होते.” आपण सगळ्या हसलो. घरी जाताना मात्र मला हसू येईना.

बाई घराबाहेर पडते, पण तिच्या हातात कारण असावं लागतं. आजारी माणूस, देव, पोर, नाहीतर काम. कारण नसेल तर ती ‘भटकते’. पुरुष नाक्यावर दोन तास उभा राहिला तर त्याला कुणी विचारत नाही.

आता माझंच सांगते. वीसेक वर्षं मी या कामात आहे, शिबिरं घेते, हक्कांवर बोलते. पण काही वर्षांपूर्वी तिघी मैत्रिणींबरोबर काशीदच्या समुद्रावर गेले, तेव्हा घरी काय सांगितलं? “शिबिर आहे.” दिवसभर पाण्यात पाय सोडून बसलो होतो. संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, “काय शिकवलं शिबिरात?” मी काहीतरी ठोकून दिलं. मारहाणीविरुद्ध मोर्चा काढताना मला कधी भीती वाटली नव्हती. समुद्र बघायला गेले हे सांगायची मात्र वाटली.

म्हणून सहलीचा पहिला ठराव मी असा मांडते: घरी ‘शिबिर आहे’ असं सांगायचं नाही. सहलीला जाते आहे, दोन दिवसांनी येईन, एवढंच सांगायचं.

लगेच एक जण म्हणाली, “ताई, तुम्हाला बोलायला काय जातं? मी खरं सांगितलं तर मार खाईन.” तिचं बरोबर आहे. माझ्या तत्त्वासाठी तिनं मार खावा असं मी म्हणणार नाही. काय सांगायचं ते तिचं तिनं ठरवावं. पण तिच्या घरी आधी आपण चौघीजणी जाऊ, चहा घेऊ आणि सहलीचं आपणच सांगू. ती एकटी नाही हे घरच्यांना दिसलं पाहिजे. आणि तरीही तिला येता आलं नाही, तर तिनं खोटं का सांगितलं म्हणून कुणी तिला टोचायचं नाही.

आता प्रवासाचं बोलू. दिवस जानेवारीतले धरले आहेत. भातकापणी, झोडणी उरकलेली असते, गणपतीच्या कारखान्यांत आषाढ-श्रावणातली घाई नसते. खर्चाचं म्हणाल तर १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. “अर्धं तिकीट झालं आणि बायका उंडारायला लागल्या,” हे आपण स्टँडवर ऐकलंय. यावर रागवायचं कशाला? सवलत प्रवासाला आहे. प्रवास दुःखाचाच असावा अशी त्यात अट नाही.

पहिल्या दिवशी सकाळी गागोद्याला जाऊ. विनोबांचं हे जन्मगाव आपल्याच तालुक्यात आहे. ११ सप्टेंबर १८९५ ही त्यांची जन्मतारीख शाळेत पाठ केलेली असते. पण ‘गीताई’च्या मागे त्यांच्या आईची, रुक्मिणीबाईंची, मागणी होती. संस्कृत गीता कळत नाही, मराठीत पाहिजे, असं ती बाई म्हणाली होती. ‘मला कळत नाही’ असं म्हणायला धाडस लागतं. ते घर त्या आईचंही घर म्हणून बघू.

तिथून वडखळकडे, खारेपाटात. काही जणींनी टीव्हीवर राजस्थानचं वाळवंट पाहिलंय आणि तिथे जायची हौस आहे. जाऊ कधीतरी. पण आपला खारेपाट उन्हाळ्यात बघा. भेगाळलेली जमीन, खाडीचं पाणी, दूरवर झाड नाही, आणि हंडे घेऊन टँकरची वाट बघणाऱ्या बायका. त्याच तालुक्यात हेटवण्याचं धरण आहे आणि त्याचं पाणी नवी मुंबईला जातं. महामुंबई सेझसाठी जमिनी जाणार होत्या, तेव्हा २१ सप्टेंबर २००८ रोजी या धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत जनमत घेतलं गेलं. बांधावर उभं राहून ही जमीन एकदा बघावी असं मला वाटतं.

पुढे नागोठणे, कोलाड. हा मुंबई-गोवा महामार्ग. २०११ पासून त्याचं रुंदीकरण वर्षानुवर्षं रखडलं, हे आपल्या कमरेला माहीत आहे. कोलाडला कुंडलिकेत रबरी होड्यांचा खेळ चालतो. भर उन्हाळ्यातही नदीला पाणी कुठून येतं? ते मुळशीच्या धरणातून भिऱ्याच्या वीजघरात येतं आणि तिथून नदीत. त्या धरणासाठी मावळातली गावं बुडाली. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली तिथे सत्याग्रह झाला आणि जाईबाई भोईटे यांच्यासारख्या बायका त्यात पुढे होत्या. होडीत बसायचं असेल तिनं जरूर बसावं, ओरडावं, भिजावं. पाण्याची गोष्ट मात्र ऐकून बसावं.

मुक्काम रोह्यात. रात्री पोपटी लावायची. वालाच्या शेंगा आपण तोडतो, आपण निवडतो, भांबुर्ड्याचा पाला आपण आणतो. आणि मडक्याभोवती शेकत बसतात कोण? पुरुष. या वेळी जाळ आपण लावू आणि उशिरापर्यंत बसू.

दुसऱ्या दिवशी मिनीडोर करून कुड्याची लेणी. मांदाडच्या खाडीकडची ही बौद्ध लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्या स्त्रियांची नावं कोरलेली आहेत, प्रव्रज्या घेतलेल्या स्त्रियांचीही. आणि तिथल्या सत्ताधीशाची ओळख ‘महाभोजी विजयेचा मुलगा’ अशी दिली आहे. आपली नावं रेशनकार्डाशिवाय कुठे असतात, असं आपण म्हणतो ना? ही नावं दगडात आहेत आणि आपल्या शेजारच्या डोंगरात आहेत. संध्याकाळी रोह्याहून दिव्याच्या गाडीनं पेण.

आता अवघड विषय. लघवीचा. हसू नका. आपल्यातल्या किती जणी प्रवासाच्या दिवशी पाणीच पीत नाहीत? गेल्या वर्षी याच रस्त्यावर एका ठिकाणी शौचालयाला कुलूप होतं. किल्ली मागितली तर माणूस म्हणाला, “मालक जेवायला गेलेत.” आम्ही पाच बायका अर्धा तास उभ्या. शेवटी एकीनं झुडपाआड आडोसा धरला. मुंबईत २०११ मध्ये ‘राइट टू पी’ची मोहीम सुरू झाली तेव्हा लोक असेच हसले होते. म्हणून आपल्यातल्या दोघी आधी हा रस्ता करून येतील. शौचालय कुठे, उघडं का, पाणी आहे का, कडी लागते का, हे वहीत लिहितील. ती वही सहलीनंतर पंचायत समितीत आणि एसटीच्या आगारात द्यायची. रस्त्याकडेला रानभाज्या विकायला बसणाऱ्या कातकरी बायांनाही विचारायचं, तुम्ही दिवसभर काय करता? आपल्याला दोन दिवसांचा प्रश्न, त्यांना रोजचा.

एक जण हळूच म्हणाली, “वही, निवेदन, पंचायत... म्हणजे पुन्हा शिबिरच झालं की!” मला हे लागलं, कारण खरं आहे. मजा करायलाही आपल्याला कामाचा आधार लागतो. तेव्हा वही त्या दोघींकडे राहील. बाकीच्यांनी नुसतं बघायचं.

दर आठवड्याला वीस रुपये जमा करायचे. जिला जमणार नाही तिचे मंडळ घालेल आणि तिचं नाव कुठेही लिहायचं नाही. दोन दिवस घरी भाकरी कोण टाकेल, ते घरातल्यांनी ठरवायचं. आपण आधी करून झाकून ठेवायची नाही.

मावशींनी नाव दिलंय. त्यांनी एकच विचारलं, “खिडकीची जागा मिळेल ना?”

मिळेल, मावशी. पहिलं नाव तुमचंच लिहिलंय.