औषध एकच, मात्रा निराळी
(भालकी येथे दिलेले भाषण)



लहान मुलांना होणारा रक्ताचा कर्करोग हा तसा विरळा आजार आहे; परंतु ज्या घरात तो शिरतो, त्या घराला त्याच्या विरळेपणाचे समाधान कसले? समाधानाची बाब एवढीच की, नियमित उपचारांनी यांतील बहुसंख्य मुले बरी होऊ शकतात.

उपचार मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात वा बंगळुरूच्या किदवई संस्थेत सुरू झाले, तरी त्यांचा अखेरचा दीर्घ टप्पा घरीच पार पडतो. त्या काळात मुलाला दररोज मर्कॅप्टोप्युरीनची गोळी द्यावी लागते. हे औषध १९५३ पासून वापरात आहे. ते शोधणाऱ्या गर्ट्रूड एलियन व जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

सारख्याच उंची-वजनाच्या दोन मुलांना सारखीच गोळी दिली असता एकाला ती मानवते, तर दुसऱ्याच्या रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायक रीतीने घटतात व साधा तापही जिवावर बेततो. याचे एक कारण मातापित्यांकडून आलेल्या जनुकांत असते. एनयूडीटी-१५ हे जनुक औषधाचा जोर आटोक्यात ठेवते. ते दुबळे असल्यास औषधाचा प्रभाव प्रमाणाबाहेर वाढतो. २०१४ मध्ये कोरियातील संशोधकांनी हा संबंध दाखविला. युरोपीय लोकांत टीपीएमटी या जनुकातील दोषाला महत्त्व आहे. भारतीयांत मात्र एनयूडीटी-१५ मधील दोष अधिक आढळतो.

रक्ताच्या नमुन्यावरून ही चाचणी एकदाच करावी लागते. मातापिता दोघांकडूनही दुबळे जनुक आलेल्या मुलाला, आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनुसार, शरीराच्या दर चौरस मीटर क्षेत्रफळामागे दररोज ७५ ऐवजी १० मिलिग्रॅम मात्रेने प्रारंभ करावा लागतो. मात्रा कमी म्हणजे उपचार कमी, असा समज मात्र करून घेऊ नये.

या चाचणीने नियमित रक्ततपासणीची गरज संपत नाही. पालकांनी औषधापूर्वी या चाचणीविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे. गोळी आपल्या मनाने कमी वा बंद करू नये. तसे केल्यास रोग उलटण्याचा धोका असतो. ताप येताच त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. वर्गात गोवर वा कांजिण्या दिसल्यास शिक्षकांनी अशा मुलाच्या पालकांना तत्काळ कळवावे. अधिकारीवर्गाने रक्ततपासणीची सोय तालुक्याच्या ठिकाणी विनाविलंब मिळेल, असे पाहावे.

मुंबई-बंगळुरूचे ज्ञान भालकीच्या मुलापर्यंत पोहोचविणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.