धाकट्याचा मॉनिटर

कवीला भाषणाला बोलवावे आणि त्याने ग्राफिक्स कार्डावर बोलावे, म्हणजे आपल्याला केंद्र चुकले की काय असे वाटायचे. मी बी.ए. झालेला माणूस. विजेच्या बाबतीत फ्यूजच्या पुढे माझी अक्कल कधी गेली नाही. पण गेल्या वर्षी सहा महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

माझ्या धाकट्या भावाचे मोमिनपुऱ्यात संगणकाचे छोटे दुकान होते, 1997 ते 2006. दिवसा अर्ज टाइप करायचे, संध्याकाळी पोरांना गेम खेळायला द्यायचे. 2021 च्या एप्रिलमध्ये तो गेला. त्या दिवसांतले नागपूर आपण सगळ्यांनीच पाहिले आहे, त्याविषयी बोलत नाही. माळ्यावर त्याचा सतरा इंची मॉनिटर राहिला होता. जुना, काचेच्या पिक्चर ट्यूबचा, उचलताना कंबर मोडेल असा. भावजय म्हणाली, भंगारवाला घेऊन जाईल. पुतण्या इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, "बडे अब्बा, थांबा. अब्बू यावर काय खेळायचे?"

मला एकच खेळ आठवत होता, 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. तळघरात कोंडलेला राजपुत्र, त्याने साठ मिनिटांत राजकन्येला सोडवायचे. त्यातल्या दुष्ट वजिराचे नाव जाफर, त्यामुळे जाफरनगरहून येणाऱ्या पोरांची दुकानात रोज टिंगल व्हायची. मी कविसंमेलनाला जाता जाता दुकानात डोकावत असे. भाऊ म्हणे, "भाईजान, पाच मिनिटं बसा, हा धावतो कसा ते बघा." मला हे पोरखेळ वाटत. मी कधी बसलो नाही.

तर आम्ही मॉनिटर खाली उतरवला. त्याच्या जोडीचा संगणक मेलेला होता, मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगून फुटले होते. मॉनिटर मात्र जिवंत. वायर लावताच त्याचा तो ओळखीचा 'टंग' आवाज आला. पण पुतण्याच्या नव्या संगणकाला तो जोडायचा कुठे? मागे निळे, पंधरा टाचण्यांचे व्हीजीएचे तोंडच नाही. आयबीएमने ते 1987 मध्ये आणले आणि पंचवीस वर्षे ते घरोघरी चालले. 2010 च्या डिसेंबरात इंटेल, एएमडी, डेल, लेनोव्हो वगैरे कंपन्यांनी मिळून जाहीर केले की आता हे हळूहळू बंद.

पुतण्याने मला जे समजावले ते माझ्या शब्दांत सांगतो. संगणकाच्या पोटात सगळे आकडेच असतात. काचेच्या मॉनिटरला आकडे कळत नाहीत, त्याला विजेचा दाब कळतो. लाल, हिरवा, निळा अशा तीन तारा. प्रत्येकीत शून्यापासून पॉइंट सात व्होल्टपर्यंत दाब चढत-उतरत राहतो आणि त्या तालावर ट्यूबमधले किरण काचेवर रेघ रेघ चित्र काढतात. आकड्यांचा दाब करून देणारा भाग पूर्वी ग्राफिक्स कार्डातच असे. नव्या कार्डांतून तो काढून टाकला.

सोपा उपाय म्हणजे मधे कन्व्हर्टर लावणे. तीनशे रुपयांचा आणला. चित्र आले, पण 60 हर्ट्झवरच, म्हणजे सेकंदाला साठदा, आणि काच अशी लुकलुकायची की माझे डोके दुखायला लागले. खेळाला लागणारा लहान आकार तर तो घेईचना. मी उर्दू बोलणाऱ्या घरात वाढून मराठीत लिहितो, त्यामुळे भाषांतराला नावे ठेवणार नाही. चांगले, महाग कन्व्हर्टर उत्तम काम करतात असे पुतण्याही सांगतो. आमचा भाषांतरकार स्वस्तातला होता, एवढेच.

मग जुने कार्ड शोधणे आले. बर्डीवरच्या एका दुकानदाराने विचारले, "काहून त्या डब्ब्याच्या मागं लागून राहिले जी? नवा एलईडी घेऊन टाका ना." आणि वर, चालेल म्हणून एक कार्ड बांधूनही दिले. घरी आणून पाहतो तर व्हीजीएचा जोड त्यात शिरेना. तेव्हा कळले की डीव्हीआय नावाचे पांढरे तोंड दोन जातींचे असते. आडव्या चपट्या फटीच्या भोवती चार बारीक भोके असतील तर ते डीव्हीआय-आय. त्यातून ॲनालॉग, म्हणजे दाबाचा संदेश निघतो. चार भोके नसतील तर ते डीव्हीआय-डी, आकड्यांपुरतेच. कोणी असे कार्ड घ्यायला निघाले असेल तर खोक्यावरच्या नावापेक्षा ही भोके आधी मोजा. आमचे कार्ड 2016 नंतरचे होते. दुकानदाराने परत घेतले, पण तोंड वाकडे करून.

एनव्हिडियाच्या कार्डांत ॲनालॉग देणारी शेवटची पिढी 2014-15 ची. एएमडीने तर आपल्या मोठ्या कार्डांतून ते 2013 पासूनच काढायला घेतले होते. पुतण्याचा जीव जीटीएक्स 980 टीआयवर जडला. त्या पिढीतले बलाढ्य कार्ड, नवे खेळही काचेवर खेळता येतील म्हणाला. पण ते अडीचशे वॅट वीज खाते, त्याच्यासाठी पॉवर सप्लायही बदलावा लागला असता, आणि वापरलेले मिळते ते कोणी किती रगडलेले असेल सांगता येत नाही. आमचे यावर दोन आठवडे भांडण चालले. माझे म्हणणे, 320 बाय 200 ठिपक्यांच्या खेळाला पैलवान कशाला? शेवटी 750 टीआय घेतले. साठ वॅट, वेगळी वायर नको, अडीच हजारांत वापरलेले. भोके चार, आम्ही दोघांनी मोजली. या पिढीच्या कार्डांना कंपनी आता नेहमीच्या सुधारणा देत नाही, पण आमच्या राजपुत्राला त्या कशाला हव्यात?

पुतण्याने जुना खेळ चालवणारे डॉसबॉक्स घातले, 640 बाय 400, सत्तर हर्ट्झ असे काहीबाही बसवले, आणि काचेवर तो पोरगा उभा राहिला. सपाट पडद्यावर आम्ही त्याला आधी पाहिला होता तेव्हा तो बुटका दिसला होता. कारण साधे आहे. त्या काळचे ठिपके रुंदीपेक्षा उंचीला जास्त होते. चौकोनी ठिपक्यांवर माणसाची उंची सहाव्या हिश्शाने घटते. सेटिंग बदलून उंची परत आणता येते, पण ठिपक्यांच्या कडा करवतीसारख्या टोचतात. काचेवर त्या विरघळतात. राजपुत्र धावला, घसरत थांबला, कड्याला लोंबकळला, आणि मला पहिल्यांदा दिसले की हे चित्र नाही, कोणीतरी खरोखर धावते आहे.

पुतण्याने मग सांगितले. हा खेळ करणाऱ्या जॉर्डन मेकनरने 1985 मध्ये आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून धावायला, उड्या मारायला लावले, त्याचे चित्रण केले आणि त्यावरून एकेक हालचाल उतरवून घेतली. खेळ 1989 मध्ये आला. मी काही बोललो नाही. खुर्ची ओढून बसलो.

पुतण्या तिसऱ्या मजल्यावर मेला, पुन्हा मेला. "अब्बू किती मिनिटांत सोडवायचे?" त्याने विचारले. मला कुठे ठाऊक?

तेवढ्यात भावजय चहा घेऊन आली. दारातच थांबली, पडद्याकडे पाहत राहिली. मग ट्रे टेबलावर ठेवून म्हणाली, "उजेड फार ठेवलाय. ते इतका ठेवत नसत." आणि वाकून, न शोधता, मॉनिटरच्या खालचे बटण दाबून तिने तो कमी केला.