रेट नंतर विचारा, आधी ड्रायव्हरची झोप विचारा

आजचा विषय ऐकायला एकदम ऑफिसछाप वाटेल. कामासाठी सारखं बाहेरगावी जावं लागत असेल, तर भाड्याची गाडी कुठल्या कंपनीकडून घ्यायची? पण थांबा, स्किप करू नका. हा विषय मला एका रात्री फार महागात पडणार होता.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कारखान्यातल्या मशीनचा डेटा स्क्रीनवर आणायचा, हे आमचं काम. त्यामुळे महिन्यातून तीन-चार वेळा शिरोली, वाळूज, सातपूर असं कुठेतरी जावंच लागतं. गाडी आपली आपण बुक करायची, बिल लावायचं, पैसे परत मिळतात. सुरुवातीला माझी पद्धत एकच होती. तीन ठिकाणी रेट बघायचे आणि सगळ्यात स्वस्त ती गाडी घ्यायची. बीटेक करून एवढंच गणित केलं मी.

आणि तेही चुकीचं! समजा, एकीकडे रेट १२ रुपये किलोमीटर आणि दुसरीकडे १४. स्वस्त कोण? आता खालचं बारीक अक्षर वाचा. पहिल्याची अट आहे रोज किमान ३०० किलोमीटरची, दुसऱ्याची २५० ची. तुम्ही पुणे-कोल्हापूर-पुणे दोन दिवसांत केलं, गाडी फिरली ४८० किलोमीटर. पहिला बिल लावणार ६०० किलोमीटरचं, म्हणजे ७,२०० रुपये. दुसरा ५०० चं, म्हणजे ७,००० रुपये. वर टोल, पार्किंग, ड्रायव्हर भत्ता, नाइट चार्ज वेगळे. आणि किलोमीटर तुमच्या दारापासून मोजणार की त्यांच्या गॅरेजपासून, हेही विचारायचं. असो. पैशाचं एवढं पुरे, ते एक्सेलमध्ये बसतं. पुढचं बसत नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. शिरोलीतल्या एका फाउंड्रीत काम होतं. सकाळी एका गाडीने गेलो, तिला तिथेच सोडलं. काम लांबलं, रात्रीचे साडेनऊ झाले. हॉटेलचा खर्च कशाला, म्हणून मीच परतीची गाडी बुक केली. स्वस्तातली. लगेच आली पण.

कराड गेलं, सातारा गेलं. मी मागे मोबाईलमध्ये. भुईंजच्या आसपास एकदम टायरखालून घर्रर्र आवाज आला. वर बघतो तर गाडी लेन सोडून कडेच्या पट्ट्यावर, आणि पुढे एक ट्रक उभा, इंडिकेटर न लावता. मी ओरडलो, "काका!" त्यांनी स्टिअरिंग फिरवलं. वाचलो.

मी विचारलं, "काका, झोपलाय कधी तुम्ही?" ते गप्प. मग म्हणाले, "काल रात्री एअरपोर्टच्या दोन ड्युट्या होत्या साहेब. सकाळी कोल्हापूर ड्रॉप. दुपारी पार्किंगमध्ये पडलो होतो जरा, पण ऊन लागत होतं."

सुरूरला ढाब्यावर गाडी घ्यायला लावली. म्हटलं, सीट मागे करा आणि झोपा. पुढे खंबाटकी होती, तशा अवस्थेत मला जायचं नव्हतं. कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला, तर तिकडून उत्तर आलं, "सर, थांबलात तर वेटिंग चार्ज लागेल." आणि काका काय म्हणाले? "साहेब, कंप्लेंट नका टाकू, आजचे पैसे कापतील."

दीड तास मी चहा पीत बसलो होतो. राग काकांवर नव्हता. ड्युटी लावणाऱ्यावर होता, आणि खरं सांगायचं तर स्वतःवरही होता. रात्री साडेनऊला सगळ्यात स्वस्त गाडी मागणारा मीच ना? दुसऱ्या दिवशी तक्रार केली, ड्रायव्हरची नाही, ड्युटी लावणाऱ्याची. उत्तर आलं की गाडी आमची नाही, व्हेंडरची आहे. विषय संपला.

बरं, ड्रायव्हरच्या तासांची गोष्ट काही नवीन नाही. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ मध्येच कायदा झाला. त्यात दिवसाला आठ तास काम लिहिलेलं होतं, लांबच्या रूटला परवानगी घेऊन फार तर दहा. सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती.

तर आता मी कंपनी कशी निवडतो?

एक, गाडी आणि ड्रायव्हर तुमचे की बाहेरचे? बाहेरचे असतील तर काही झालं की जबाबदार कोण?

दोन, ड्रायव्हरची आधीची ड्युटी कधी संपली? जी कंपनी हे सांगू शकत नाही, ती कट.

तीन, मुक्कामाला ड्रायव्हर झोपणार कुठे? "गाडीत झोपतो तो" हे उत्तर आलं की मी फोन ठेवतो.

चार, रस्त्यात गाडी बंद पडली तर दुसरी किती वेळात येणार? लेखी द्या म्हणायचं.

पाच, नंबर प्लेट. ड्रायव्हरसकट गाडी असेल तर पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं. सेल्फ ड्राइव्ह असेल तर काळ्या पाटीवर पिवळी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने आली तर बसू नका. अपघात झाला तर विम्याचे पैसे अडकू शकतात.

आणि सेल्फ ड्राइव्हवाल्या मित्रांनो, दिवसभर कारखान्यात उभं राहून रात्री तुम्हीच गाडी चालवणार असाल, तर तो झोपाळू ड्रायव्हर तुम्हीच आहात.

सध्या मी पुण्यातल्या एका छोट्या ट्रॅव्हल्सवाल्याकडून गाडी घेतो. रेट दोन रुपयांनी जास्त आहे. ऑफिसात अकाउंट्सने विचारलं, हे का? मी सुरूरची गोष्ट सांगितली. आता रात्री दहानंतर काम संपलं तर हॉटेलचं बिल मंजूर होतं.

तुमच्या ऑफिसात हा नियम आहे का? नसेल तर पुढच्या ट्रिपआधी एक मेल टाकून बघा. आणि आज गाडीत बसलात की पहिल्यांदा एवढंच विचारा, "दादा, झोप झाली का?"

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!