लंडनच्या आधीचं छोटं विमान

कोल्हापूरहून हैदराबादमार्गे लंडनला निघालो, तेव्हा सगळे ड्रीमलायनरबद्दल विचारत होते. मला मात्र उत्सुकता होती हैदराबादपर्यंतच्या एटीआर ७२ ची. पंख्याचं विमान ना!

यात एक भारी गोष्ट आहे. मोठ्या जेटच्या शेपटीत जमिनीवर असताना वीज द्यायला एक छोटं इंजिन असतं, एपीयू. एटीआरमध्ये ते नसतंच. मग उजव्या इंजिनाच्या पंख्याला ब्रेक लावतात. इंजिन चालू, पंखा गप्प, आणि आत वीज, एसी सुरू. याला म्हणतात ‘हॉटेल मोड’. प्रवासी चढतात ते डावीकडून, मागच्या दाराने.

पंख छतावर असतात, त्यामुळे खिडकीतून खालचं सगळं दिसतं. उंचीही फार तर २५ हजार फूट. मी दोन वर्षांसाठी चाललो होतो, उसाची शेतं मान मोडेपर्यंत बघून घेतली. रात्रीच्या ड्रीमलायनरमधून काय दिसणार, ढग?

एक मात्र सांगतो. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर नसतील, तर पहिलं लेट झाल्यावर दुसऱ्याची जबाबदारी आपलीच. माझी तिकिटं वेगळी होती, म्हणून मध्ये नऊ तास ठेवले. घरचे हसले. हसू देत.