फिकट नेगेटिव्ह आणि बाबांचा छापखाना

(पॉडकास्टच्या या भागाचा लेखी मजकूर. बोलताना अडखळलो ते काढलंय, बाकी जसं बोललो तसं.)

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "घरी रोल धुतला, पण फोटो सगळे करडे, मळकट आले. चुकलं कुठे?" उत्तराआधी माझी फजिती सांगतो, कारण उत्तर तिच्यातच आहे.

बाबांचा पुण्यातला ट्रेडलचा छापखाना बंद झाला. मशीन भंगारात जाणार होतं. शेवटचे दोन दिवस मी एक जुना जपानी कॅमेरा घेऊन तिथेच होतो. ४०० आयएसओचे दोन रोल काढले. खिळ्यांच्या केसेस, शाईनं माखलेले रोलर आणि खिडकीजवळ उभं राहून शेवटची लग्नपत्रिका जुळवणारे बाबा.

पहिला रोल धुतला. वाळत टाकताना बघतो तर नेगेटिव्ह फिकट, जवळजवळ पारदर्शक. स्कॅन केलं तर काळ्याच्या जागी दाणेदार करडा चिखल. मी लगेच ठरवून टाकलं की डेव्हलपर मेला. बाटली अर्धी रिकामी होती, दोन महिने उलटून गेले होते, त्यामुळे संशय अगदीच हवेतला नव्हता. नवा डेव्हलपर कालवला आणि दुसऱ्या रोलला वर तीन मिनिटं जास्त दिली.

दुसरा रोल आणखी वाईट! खिडकी पांढरीफटक, बाबांच्या शर्टाची बाही जळलेली, आणि मशीनखालचा अंधार तसाच रिकामा.

त्या रात्री पहिल्यांदा मी नेगेटिव्ह नीट वाचलं. फोटो सोडून कडेला बघितलं. फिल्मच्या कडेला कंपनीचं नाव आणि फ्रेमचे आकडे असतात ना, ते कारखान्यातच उजेडानं उमटवलेले असतात. तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी काही संबंध नाही. पण ते दिसायला लागतात तुमच्याच डेव्हलपरमध्ये. म्हणजे आकडे पुसट असतील तर धुण्यात घोळ. आकडे ठसठशीत आणि चित्र फिकट असेल तर फिल्मपर्यंत उजेडच कमी पोचला. माझ्या पहिल्या रोलचे आकडे चांगले काळे होते! बिचाऱ्या डेव्हलपरवर मी उगाच आळ घेतला होता.

दुसरा पुरावाही समोरच होता. अंधाऱ्या भागातला तपशील एक्स्पोजर ठरवतं, उजळ भाग किती दाट होणार हे मुख्यतः डेव्हलपिंग ठरवतं. जिथे उजेड पोचलाच नाही तिथे तीन मिनिटं काय, तीस मिनिटं दिली तरी काही उमटणार नाही. जास्तीच्या वेळानं फक्त खिडकी आणि बाही जाळली. उलट धुणं कमी पडलं असतं तर अंधारात थोडंफार दिसलं असतं आणि खिडकी मिळमिळीत आली असती.

(मे महिन्यात नळाचं पाणी ३० अंशांवर होतं, मी बर्फ घालून २० वर आणलं होतं. आणि गरम पाण्यानं नेगेटिव्ह दाट होतं, फिकट नाही. हेसुद्धा आधी सुचायला हवं होतं.)

मग उजेड कमी का पोचला? मीटर मी अगदी मन लावून बघितला होता. आता फोनमधल्या मीटरशी ताडून पाहिला, तर कॅमेरा दीड स्टॉप जास्त उजेड दाखवत होता. कारण निघालं सेल. हा कॅमेरा १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनलेला. ते सेल आता मिळत नाहीत. दुकानातून मी त्याच मापाचा अल्कलाइन आणला, तो १.५ व्होल्टचा. व्होल्टेज जास्त, म्हणून काटा जास्त सरकतो, आणि आपण बापडे छिद्र लहान करत बसतो. सगळ्या जुन्या कॅमेऱ्यांत असं होत नाही, काहींचं सर्किट हा फरक सांभाळून घेतं. आयएसओ कमी लावून भागेल म्हणाल, तर अल्कलाइन सेल वापरता वापरता उतरत जातो, त्यामुळे चूकही रोज बदलते.

उपाय घरातच होता. चाळीस वर्षं ट्रेडलच्या खडखडाटात काढलेल्या बाबांना कानाचं मशीन आहे. त्याला ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल लागतो. तो साधारण १.४ व्होल्ट देतो आणि संपेपर्यंत बराच स्थिर राहतो. घेराला थोडा लहान, म्हणून भोवती रबराचा वायसर घातला. त्याच्या बारीक छिद्रांतून हवा लागते, ती झाकू नका. स्टिकर काढला की तो वापरला नाही तरी हळूहळू संपतो, तेव्हा रोल घालायच्या दिवशीच काढा.

बाबा म्हणाले, "माझा एक सेल कमी कसा झाला?" सांगितलं. बराच वेळ हसत होते.

त्या दोन रोलमधले चार फोटो छापण्याजोगे निघाले. खिडकीजवळचा त्यात नाही. सिलेनियमनं नेगेटिव्ह दाट करून पाहिलं, पण तेही असलेलंच वाढवतं, नसलेलं कुठून आणणार?

खिळ्यांची एक केस बाबांनी गुपचूप ठेवून घेतली होती, पलंगाखाली. नव्या सेलवरचा पहिला रोल मी तिचाच काढला. नेगेटिव्हमध्ये रिकाम्या घरांच्या तळाची धूळसुद्धा दिसते.

पुढच्या भागात फिक्सरबद्दल बोलू. तोवर तुमचा बिघडलेला रोल फेकू नका, आधी त्याची कड बघा. नमस्कार.