सरकारी की खासगी? डिपॉझिट भरण्याआधी हे ऐका

बारावीचा निकाल लागला, सीईटी झाली आणि आता घराघरांत एकच विषय चालू असेल: सरकारी कॉलेज की खासगी विद्यापीठ? मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी हेच विचारलं. म्हणून आज माझ्या घरातलीच गोष्ट सांगतो. त्यात चूक माझीच आहे, हे आधीच सांगून टाकतो.

२०२४ चा जून-जुलै. आम्ही बार्शीचे. पप्पांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. धाकट्या बहिणीचा सीईटीचा निकाल लागला होता. पर्सेंटाइल चांगले, पण पुण्याचं सीओईपी किंवा मुंबईचं व्हीजेटीआय मिळावं इतके नाही. तिथं कॉम्प्युटरला ओपनमधून जायचं तर ९९ च्या वरच लागतात. सीओईपी १८५४ सालचं, व्हीजेटीआय १८८७ चं. नाव मोठं, जागा मोजक्या आणि मागणारं अख्खं राज्य.

तेवढ्यात एका खासगी विद्यापीठातून फोन आला. कॉम्प्युटरची जागा देतो, पण रविवारपर्यंत पन्नास हजार भरा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. आणि कॅपची पहिली यादी लागायला अजून कितीतरी दिवस होते. आता घरात पुण्यात राहिलेला, नोकरी करणारा म्हणजे मी. मी म्हणालो, "पप्पा, भरून टाकू. हातची जागा कशाला घालवायची?" आईच्या पाटल्या पतसंस्थेत गेल्या आणि पैसे भरले.

त्याच आठवड्यात राज्य सरकारचा निर्णय आला. मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शंभर टक्के फी माफ. ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींसाठी, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर. आम्ही ईडब्ल्यूएसमध्ये बसत होतो. पप्पा म्हणाले, "चला, साडेचार लाखांचा घोर मिटला." वर्षाची फी तेवढी होती. मीही मान डोलावली.

दोन दिवसांनी बहीण मोबाइल घेऊन आली. "दादा, हा जीआर वाचला का पूर्ण?" मी बातमीचा मथळा वाचला होता, तिनं जीआर वाचला होता. ही सवलत कॅपमधून सरकारी, अनुदानित किंवा विनाअनुदानित कॉलेजात प्रवेश घेतला तर. खासगी विद्यापीठ आणि अभिमत विद्यापीठ यातून वगळलेलं. मॅनेजमेंट कोट्यालाही नाही.

म्हणजे चार वर्षांची फीच अठरा लाख. होस्टेल, मेस वेगळं. पप्पा काही बोलले नाहीत. उठून दुकानात गेले.

तर मंडळी, पहिला मुद्दा इथं आहे. आपण "सरकारी की खासगी" असे दोनच कप्पे करतो. खरे तीन आहेत. एक, सरकारी किंवा अनुदानित कॉलेज. दोन, खासगी कॉलेज, पण कॅपमधून मिळणारं. तीन, खासगी किंवा अभिमत विद्यापीठ, ज्याची प्रवेशप्रक्रिया बहुतेक वेळा वेगळी आणि फीचा हिशोबही वेगळा. दुसऱ्या आणि तिसऱ्या कप्प्यातल्या इमारती बाहेरून सारख्याच दिसतात. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना फरक कळतो. तोवर उशीर झालेला असतो.

खासगी विद्यापीठ म्हणजे वाईट, असं मी अजिबात म्हणत नाही. बिट्स पिलानी खासगीच आहे, आणि तिथं बिटसॅट देऊन आत जाणं किती अवघड आहे ते तयारी करणाऱ्यांना विचारा. काही ठिकाणी प्रयोगशाळा नव्या, विषय निवडायची मोकळीक जास्त. उलट सरकारी कॉलेजात प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या असू शकतात, होस्टेल जुनं असू शकतं. हे सगळं जाऊन बघायचं. पण पैशाचं गणित चार वर्षांचं मांडायचं, पहिल्या हप्त्याचं नाही. आणि फीमाफी म्हणजे सगळं माफ नाही. माफ होते ती शिक्षण फी आणि परीक्षा फी. डेव्हलपमेंट फी, होस्टेल, जेवण आपल्याच खिशातून.

दुसरा मुद्दा प्लेसमेंटचा. फ्लेक्सवर एकाच मुलाचं पॅकेज असतं. तुम्ही मिडियन विचारा, म्हणजे मधल्या मुलाला किती मिळाले ते. एनआयआरएफमध्ये भाग घेणाऱ्या संस्थांना किती मुलं पास झाली, किती जणांना नोकरी लागली आणि मिडियन पगार किती, हे आकडे द्यावे लागतात. संस्थेच्या वेबसाइटवर ती पीडीएफ शोधा. कंटाळवाणी असते, पण फ्लेक्सपेक्षा खरी. आणि तुमच्या शाखेचे आकडे वेगळे मागा.

तिसरा मुद्दा, कॅपचा ऑप्शन फॉर्म. पहिल्या पसंतीचं कॉलेज पहिल्याच यादीत लागलं, तर तिथंच थांबावं लागतं, पुढच्या फेरीत जाता येत नाही. म्हणून वरचं नाव मित्रानं टाकलं म्हणून टाकायचं नाही.

आमच्याकडे तो फॉर्म बहिणीनंच भरला. मी म्हणत होतो, पुण्यातलं खासगी कॉलेज, कॉम्प्युटर, कॅपमधून. तिनं पहिलं टाकलं कराडचं सरकारी कॉलेज, १९६० सालचं, आणि शाखा इलेक्ट्रिकल. मी चिडलो. सगळं जग कॉम्प्युटरच्या मागं आणि ही इलेक्ट्रिकल? ती म्हणाली, "दादा, सातवीपासून मी दुकानात स्टार्टर खोलतेय. मला ते आवडतं. तू मला विचारलंस का कधी?"

खरंच विचारलं नव्हतं. फी विचारली, पॅकेज विचारलं, पर्सेंटाइल विचारले. जिला चार वर्षं शिकायचंय तिलाच विचारायचं राहिलं.

तिला कराड मिळालं. विद्यापीठाकडे प्रवेश रद्द केल्याचा लेखी अर्ज दिला. यूजीसीचा नियम असा होता की त्या वर्षी ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत. तरी पैसे यायला दिवाळी उजाडली. फोन करून करून जीव गेला. तेवढे महिने पतसंस्थेचं व्याज भरलं, ते माझ्या घाईचं.

म्हणून एवढंच सांगतो. "रविवारपर्यंत भरा" ही तारीख त्यांची सोय बघून ठरलेली असते. तुम्ही आधी उत्पन्नाचा दाखला आणि ईडब्ल्यूएस किंवा नॉन क्रिमीलेअर तयार ठेवा, जीआर शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, परताव्याचा नियम लेखी मागा. मग भरायचे तर भरा.

आणि तुमच्या घरी ताई, दादा, काका कुणी निर्णय घेत असतील, तर हा भाग त्यांनाही ऐकवा. पाटल्या या दसऱ्याला परत आल्या. बहीण आता दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत आली की दुकानात बसते, आणि पप्पा गिऱ्हाइकाला सांगतात, "थांबा जरा, आमच्या इंजिनिअरला दाखवू."

भेटू पुढच्या भागात.